आरशासाठी लिहिणारा

गाड्या रंगवायच्या कारखान्यात त्याला सगळे उलटेराव म्हणत. स्वभाव सरळ, धंदा मात्र उलटा. रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर नाव उलटं रंगवायचं, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला ते आरशात सुलट दिसतं आणि तो वाट देतो. अर्धं आयुष्य त्यातच गेलं. काना आधी, अक्षर मागून, असा त्याचा हात बिनबोभाट चालायचा.

चहाच्या वेळी रंगारी मंडळी दोन्हीकडून सारखे वाचता येणारे शब्द शोधत बसत. जहाज. रबर. कडक.

"मामा!" एकजण ओरडला. कारखान्याच्या मालकाला सगळे मामा म्हणत. "सुलट वाचा, उलट वाचा, रजा मागायला गेलं की आपलाच मामा होतो!"

उलटेराव नुसता हसायचा. त्याला शोधायची गरजच नव्हती. कुठलाही शब्द त्याला दोन्हीकडून तितकाच सरळ लागे. याची त्याला आतून थोडी ऐटही होती.

परवा तो मेहुण्याच्या गाडीत बसला होता. मागून भोंगा वाजला. आरशाकडे मान वाकडी करून तो म्हणाला, "रुग्णवाहिका आहे. घे बाजूला."

मेहुण्याने गाडी बाजूला घेतली. "दाजी, तुम्हाला बरं वाचता आलं! मला तर मुंग्यांची रांग वाटली."

उलटेरावाने खिडकीतून मान बाहेर काढली. रुग्णवाहिका शेजारून पुढे जाताना त्याने बॉनेट पाहिलं. अक्षरं त्याच्याच हातची. आणि चक्क सुलट. रंगवताना त्याला कळलं नव्हतं, आणि सुलट लिहिलेलं बाकी कुणाला खटकणार?

"वर भोंगा आहे, दिवा आहे," त्याने कारखान्यात येऊन सांगितल्यावर मालक म्हणाला. "अक्षरं शोभेला. गप बस."

"मामा, आधीच्या किती गाड्यांवर असं झालं असेल?"

"उकरू नकोस म्हणतो ना!"

रंगाचा डबा घेऊन तो थेट ती रुग्णवाहिका उभी असते त्या दवाखान्याच्या आवारात गेला. चालक पायरीवर बसून केळं खात होता. "लिहा की काका, कोण नको म्हणतंय? पण बोलावणं आलं तर मी थांबणार नाही हं."

थिनरच्या चिंधीने त्याने जुनं नाव पुसून काढलं. ब्रश टेकवला आणि हात थबकला. मनातल्या मनात शब्द एका बाजूने लिहून पाहिला. बरोबर वाटला. दुसऱ्या बाजूने पाहिला. तोही बरोबर!

"बाबा रे, एखादा आरसा मिळेल का?"

"का, भांग पाडायचाय?"

तेवढ्यात फोन वाजला. चालकाने केळं टाकलं. "सरका काका, बाई पडलीय जिन्यावरून."

"अरे, पुढे काही लिहिलेलंच नाही!"

"राहू द्या आता!"

गाडी फाटकातून निघाली आणि रस्त्यावरच्या गर्दीत अडकली. भोंगा बोंबलत होता, पुढचा गाडीवाला ढिम्म. उलटेराव ब्रशासकट धावला. रंगलेल्या पंजाने त्याने काच बडवली. "बाजूला हो! तिकडं बाई मरतेय!"

"काचेला रंग फासलास की रे! डोळे फुटले का?"

"फुटले, बाबा, फुटले! तू आधी सरक!"

गाडीवाला शिव्या देत सरकला. मग पुढची काच. मग त्यापुढची. कोरं बॉनेट घेऊन रुग्णवाहिका त्याच्या अंगाजवळून गेली आणि पुढच्या चौकात पुन्हा अडली. धाप लागली होती. तसाच तो तिकडे पळत सुटला.