म्यानातल्या अक्षता

ती तलवार अजून डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यापायी झालेली माझी फजितीही. तेव्हा मी पेडण्याच्या ठाण्यात नवी उपनिरीक्षक होते. खांद्यावर दोन तारे आणि नाक त्याहून वर. नातवंडं माझा तेव्हाचा फोटो बघून हसतात, मीही हसते.

दसरा जवळ आला होता. पार्सेची एक विधवा आजी तक्रार घेऊन आली. घराण्यात दर दसऱ्याला पुजली जाणारी, पोर्तुगीज काळातली बाकदार तलवार देवघरातून चोरीला गेली होती. तिच्या धाकट्या दिराने मात्र गावभर केलं होतं, की वयनीनेच ती विकून खाल्ली.

"बाय, तलवार गावली नाय तरी चलात," आजी म्हणाली. "पण दसऱ्याक कोण सोना घेवन माझ्या दारात इलो नाय, तर मी तोंड खंय दाखवू?"

मग डिचोलीकडे पाव घालणाऱ्या एका पदेराकडून खबर आली. एका बंगल्यात भिंतीभर जुन्या तलवारी आहेत आणि त्यांत एक नवी आली आहे. डिचोली ठाण्याला कळवून, दोन पंच आणि आमचे मुरलेले हवालदार यांना घेऊन मी गेले.

मालक मुरगाव बंदरात उमेदीची वर्षं घालवलेले संग्राहक. मुळीच घाबरले नाहीत. चहा सांगितला आणि ती नवी तलवार स्वतःच काढून समोर धरली.

"मॅडम, ही युरोपातल्या घोडदळाची. पातं बाकदार का? धावत्या घोड्यावरून वार करताना अडकू नये म्हणून. मुठीभोवतीच्या ह्या पितळी दांड्या बोटं वाचवायला. म्यानाला कड्या, पट्ट्याला टांगायला. आणि हे टोक बघा, एकाच बाजूने झिजलंय. स्वार खाली उतरला की म्यान जमिनीवरून फरफटायचं."

मी चौकशी विसरले. कुठल्या थंड मुलखातला लोहार, कुठला घोडा, कोण तो स्वार, आणि त्याच्या चालण्याची झीज आज माझ्या बोटाखाली!

"कुठून आणलीत?" भानावर येऊन मी विचारलं.

"लिस्बनच्या लिलावातून. एका मित्राने आणून दिली."

त्यांनी उपसून दाखवलेलं पातं लखलखीत होतं. आजीने सांगितलेले कुंकवाचे डाग कुठेच नव्हते. हवालदार कानाशी लागले, "मॅडम, एका साच्याच्या अशा खूप असतील. हीच ती, हे कोर्टात कसं दाखवणार?"

मी झाशीच्या राणीच्या थाटात तलवार पुन्हा उपसली. परत घालायला गेले तर जाईना. जोर लावला. घामाघूम झाले.

"मॅडम, बाक उलटा धरलाय," हवालदार हसू दाबत म्हणाले.

ऐकेल ती मी कसली! "आत काहीतरी अडकलंय," असं ठणकावून मी म्यान उलटं केलं आणि टेबलावर आपटलं.

आतून अक्षता पडल्या. काही कुंकवाने लाल, काही जुनाट काळ्या, मध्ये झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. पुन्हा आपटलं, पुन्हा पडल्या. त्या घराचे कितीतरी दसरे टेबलावर सांडत होते. पंचसुद्धा हात जोडून उभे राहिले.

हवालदारांनी शांतपणे विचारलं, "साहेब, लिस्बनात तलवारीवर अक्षता घालतात?"

संग्राहकांनी चष्मा काढला. पातं त्यांनी स्वतः घासलं होतं. म्यानात डोकावले नव्हते. ठाण्यात जबाब द्यायला त्यांनी फार वेळ लावला नाही. तलवार त्यांना विकणारा होता तोच धाकटा दीर.

पुढे नोकरीभर, कोणी फार ओरडून दुसऱ्याला चोर म्हणू लागला की मी आधी त्याचाच जबाब घ्यायची. आणि मुद्देमाल उलटा करून बघायची, हे सांगायला नकोच. पण त्या अक्षतांचं श्रेय माझ्या हुशारीला कोणी दिलं, तर मी गप्प बसून घेते. बाक उलटा धरल्याचं हवालदार कुणाला बोलले नाहीत, बिचारे.

कोर्टाच्या हुकमाने तलवार दसऱ्याआधी आजीच्या ताब्यात मिळाली. पूजेला मी गेले होते. दारात आपट्याचं सोनं घेऊन गाव उभा होता. आजीने तलवारीवर अक्षता वाहिल्या, मग आणखी चिमूटभर घेऊन मुद्दाम म्यानाच्या तोंडात सोडल्या.

"हे कित्याक गे आजी?" मी विचारलं.

"ऱ्हवांदेत भितर," ती म्हणाली, आणि दाराकडे बघत आवाज चढवला, "माझे साक्षीदार ते!"