वहीतलं चौथं पान

माझ्या यजमानांना हॉस्पिटलात शेवटचे अकरा महिने ज्या नर्सनं सांभाळलं, ती एका सोमवारी चार पानी अर्ज घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत टाकलं होतं. एका रुग्णाच्या मुलानं तक्रारवहीत लिहिलं होतं, ‘त्या काळ्या बाईला वडिलांना हात लावू देऊ नका. त्या लोकांच्या हातांना वास येतो.’ गुरुवारी हॉस्पिटलची समिती बसणार होती. एकतर वॉर्ड परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत चादरींच्या घड्या.

मी अर्ज वाचला. "अगं, यात रडणं ढीगभर आहे, तारीख एक नाही."

"रडण्याला तारीख असते होय, मावशी?"

"समितीला लागते."

बावीस वर्षं ती वॉर्डात होती. आमच्या खोलीत मात्र यांना हात लावण्याआधी गरम पाण्यात हात बुडवून, पुसून यायची. आमचे हे म्हणायचे, "सिस्टर आली की वाटतं इस्त्री आली." ती म्हणायची, "सुरकुत्या घालवायला वेळ लागेल, काका."

रोज वही लिहिण्याची, तीही शाईनं, सवय मला शाळेतल्या नन्सनी लावलेली. ताप किती, जखम केव्हा बांधली, कोणत्या दिवशी ती सलग दोन पाळ्या थांबली, सगळं माझ्या वहीत होतं. ते उतरवून मी माझ्या सहीनं द्यायचा नवा अर्ज लिहिला. तिनं वाचला आणि तोंड वाकडं केलं. "हे औषधाच्या दुकानाचं बिल झालं. यात मी कुठे आहे?"

तिचंही खरं होतं. ती गेल्यावर मी वही पहिल्यापासून चाळायला घेतली. चौथ्या पानावर माझंच अक्षर: ‘नवी नर्स आली. काळीकुट्ट. कपाटाला कुलूप लावलं. मेट्रनला सांगून बदलून घ्यावी.’

मंगळवारभर मी वही घेऊन खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून खोलीत करत राहिले. हे पान लपवून बाकीच्या तारखांवर सही कशी करायची? आणि दाखवलं तर ती उठून जाईल.

बुधवारी ती आली. मी वही पुढे सरकवली. तिनं पान वाचलं.

"माहीत आहे. मेट्रननं तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही दाराशी उभ्या राहून माझ्या हातांकडे बघायचात. म्हणून तर ते गरम पाणी. निदान गार हात लावला असं तरी कुणी म्हणू नये."

मला मान वर करवेना. तसंच विचारलं, "हे जोडू का अर्जाला?"

"जोडा. समितीतल्यांनीही असं कधी ना कधी म्हटलेलं असेल. लिहून ठेवलं नसेल, एवढंच."

अर्जाची सुरुवात अशी झाली: ‘या मुलाने आज जे लिहिले, तेच मी एकदा लिहिले होते. मी कशी चुकले, ते पुढील तारखांवरून कळेल.’ शेवटी तिच्या चार पानांतलं एक वाक्य तिच्याच नावानं जसंच्या तसं ठेवलं: ‘मी दुखणाऱ्या माणसांसाठी शिकले, चादरींना दुखत नाही.’

गुरुवारी अध्यक्षांनी वही मागून घेतली. चौथं पान दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे मात्र नाही. तिला वॉर्ड परत मिळाला. फक्त ‘त्या’ रुग्णाच्या खोलीत जायचं नाही, असं ठरलं.

"अर्धाच जिंकलो," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"तुम्ही लिहून ठेवा," ती म्हणाली आणि कामावर गेली.

मागच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला गेले तेव्हा पट्टा तिनंच बांधला. तिचे हात गार होते. मी दंड हलवला नाही. त्या दिवसाचं पान अजून कोरं आहे.