आतलं ऐकणारी बाई

"थांब, आधी आतलं ऐकते," असं म्हणून ती हातातला गजरा परडीत ठेवायची, पोटावर हात धरायची आणि डोळे मिटायची. मग शेजारी आग लागली तरी तिला काही विचारायचं नाही.

निर्मळ गावात आमची घरं समोरासमोर. दुपारी तिच्या पडवीत बसून आम्ही दोघी मोगऱ्याचे गजरे करायचो. नवरा गेल्यावर तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून लेकीने तिला फुलपाड्याला कुठल्याशा बाईंकडे नेलं. तिथे ती हे आतलं ऐकणं शिकली.

"एवढ्या लांब जाऊन गप्प बसायला शिकलीस," मी म्हणायचे.

"गप्प नाही गं. राग आला की तो कुठे बसलाय ते बघायचं. घशात, छातीत, पोटात. मग त्यालाच विचारायचं, बाबा, तुझं काय म्हणणं?"

"आणि तो बोलतो?"

"बोलतो. बऱ्याचदा तो राग नसतोच. भीती असते."

मला ते थोतांड वाटायचं. पण रागात माझी गाठ करकचून बसायची आणि कळ्यांच्या माना तुटायच्या. तिची एक कळी तुटायची नाही. फुलवाला आधी तिचेच गजरे उचलायचा. मी जळायचे. लपवत नाही.

खरी जळले ती सुनेपायी. सुनेचं पोटातलं मूल चौथ्या महिन्यात गेलं. "होतं असं, पुढचं राहील," म्हणत मी तिला जेवायला वाढलं. ती ताटावरून उठली आणि समोर गेली. तासभर दोघी बसल्या होत्या. सून बोलत होती, ही नुसती ऐकत होती. मी खिडकीतून बघत होते. तुम्हीही बघितलं असतंत.

मग रोजचंच झालं. सून हसायला लागली, पण तिकडे. एक दिवस मी भर रस्त्यात उभी राहून ओरडले, "माझी सून फोडलीस तू!"

"कुठे दुखतंय तुझं?" तिने पडवीतूनच विचारलं.

"कुठे नाही. जळतेय मी तुझ्यावर."

"हे ऐकायला डोळे कशाला मिटायला हवेत? गावच्या तळ्यापर्यंत ऐकू गेलं." ती खो खो हसली. मग हळू म्हणाली, "तिच्याजवळ बस. उपाय सांगू नकोस."

मला ते जमलं नाही. सुनेचं तोंड उतरलेलं दिसलं की माझा उपाय तयारच असायचा, आणि ती उठून जायची.

यंदा समोरची माझी गजरेवाली गेली. सकाळचा चहा पिता पिता गेली.

तेरावं झालं त्या दुपारी सून माझ्या शेजारी येऊन बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. माझ्या मरणावर कोणी असं रडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी काही बोलले नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसलं. "आई, आज तुम्ही काही बोलला नाहीत. बरं वाटलं."

लग्न होऊन आल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी बसली, तीही तिच्यासाठी रडायला.