अजून वाका, आबा

"आबा, अजून जरा वाका. फोटोत घोंगडं येत नाहीये."

मी ज्यांच्याकडं कामाला जाते त्या वहिनी हे माईकवरून म्हणाल्या. सगळ्या हिरवळीवर ऐकू गेलं. खुर्च्यांवरची माणसं हसली. वाईट हसली नाहीत. लहान पोर चुकलं की हसतात, तसं हसली. आणि माझे वडील, सत्तरी ओलांडलेले, डोक्याला लाल फेटा, अंगात पांढरा झगा, पायात काही नाही, ते वाकले.

घोंगड्याची दोन टोकं त्यांच्या हातात होती. दोन माझ्या.

हेच मला लिहायचं आहे. दोन माझ्या हातात होती.

मी बारामतीत एका सोसायटीत धुणीभांडी करते. राहते पिंपळीला. माहेर इंदापूर तालुक्यातलं, वरकुट्याचं. आम्ही धनगर. आजोबांच्या वेळी मेंढरं होती, दिवाळी झाली की ती घेऊन घाट उतरून कोकणात जायचे. आबांच्या काळात शिवारात पाणी आलं. मेंढरं विकली, ऊस लावला. मेंढरं गेली तरी ढोल राहिला. गावातली आमच्या भावकीतली माणसं अजून गजी खेळतात. ढोल मधे, माणसं गोल, हातात रुमाल. पुढं आबा असतात. ढोल माझा भाऊ वाजवतो, त्याला मी दादा म्हणते.

खेळायच्या आधी आबा घोंगड्याची घडी मांडतात. तिच्यावर भंडारा टाकतात. मग तिथं देव बसला. त्या घडीवर कुणी पाय देत नाही, आबासुद्धा देत नाहीत. कुणाला काही द्यायचं असलं तर त्यानं चपला काढून यायचं, खाली बसायचं, ठेवायचं, कपाळाला भंडारा लावून उठायचं. देणारा घोंगड्यापाशी येतो. घोंगडं कुणापुढं जात नाही. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सोसायटीत उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम असतो. जादूगार येतो, बाहुल्यांचा खेळ असतो, गाणी असतात. सगळं फुकट. बाहेरच्या माणसांनाही आत सोडतात. मीही बघितलेत, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून. आम्हा कामवाल्यांना खुर्चीवर बसू नका असं कुणी कधी म्हणालं नाही. बसा असंही कुणी म्हणालं नाही.

हे सगळं महिला मंडळ करतं. वहिनी मंडळाच्या मुख्य. त्यांच्याकडं मी सगळ्यात जुनी. घरोघर जाऊन त्या वर्गणी काढतात. यंदा मुलांसाठी बागेत पक्का मंच बांधायचा होता, त्याला निधी हवा होता. वहिनी वाईट नाहीत. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी बदली बाई लावली आणि माझा पगार कापला नाही. हेही इथं लिहिते. नाहीतर सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळी होईन.

त्यांनी एक दिवस भांडी घासता घासता मला विचारलं, तुझे वडील तो धनगरी नाच करतात ना, त्यांना शेवटच्या शनिवारी आणशील का. म्हणाल्या, "आपली लोककला मुलांना कळू दे." आपली म्हणाल्या. मला ते गोड वाटलं. इतकी वर्षं त्यांच्या घरात वावरले, त्यांच्या तोंडून माझ्याकडच्या कशालाही आपलं म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं.

मी आबांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "देवाचं हाय का?"

मी म्हटलं, पोरांसाठी हाय.

"मग त्ये बी देवाचंच," ते म्हणाले.

ते टेम्पोतून आले. झगे इस्त्रीचे होते. एकमेकांची चेष्टा करत उतरले. नात्यानं चुलते लागणारे एक तात्या आहेत, ते हिरवळ बघून म्हणाले, "हितं मेंढरं सोडली तर दुपारपतोर साफ करतील." सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी माहेरची माणसं एवढी जवळ होती.

गजी छान झाली. पोरं खुर्च्या सोडून रिंगणात शिरली आणि आमच्या माणसांबरोबर नाचली. आबांनी एका छोट्या मुलीच्या हातात आपला रुमाल दिला. तिथवर सगळं चांगलं होतं. ते मी रडत आठवते, पण चांगलं होतं.

मग ढोल थांबला आणि वहिनींनी माईक घेतला. म्हणाल्या, आता आबा आपलं पारंपरिक घोंगडं पसरून तुमच्यात येतील, आपल्या मंचासाठी सढळ हातानं द्या.

आबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी टाकीच्या कट्ट्यापाशी उभी होते. वहिनींनीही माझ्याकडं बघितलं आणि हातानं खुणावलं, सांग ना त्यांना.

आबांची नजर विचारत होती. रागाची नव्हती. पोरी, हितली रीत अशी हाय का, एवढंच त्या नजरेत होतं. मी नुसती मान आडवी हलवली असती तर ते जागचे हलले नसते. मग वहिनी काही म्हणाल्या असत्या नाहीतर नसत्या.

मी मान उभी हलवली.

आबांनी घडीवरचा भंडारा दोन्ही हातांनी गोळा केला. कमरेच्या पिशवीत भरला. आधी देवाला उठवलं. मग घोंगडं उचललं. हे तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला दिसलं. तरी मी पुढं गेले आणि दुसरी दोन टोकं धरली. एकट्याला पेललं नसतं म्हणून धरली, असं मी स्वतःला सांगते.

आम्ही रांगेतून फिरलो. नोटा पडायला लागल्या. एक गृहस्थ पायावर पाय टाकून बसले होते, त्यांच्या बुटाचं टोक घोंगड्याला लागत होतं, त्यांनी ते मागं घेतलं नाही. कुणी लांबूनच नाणं उडवलं. ते आबांच्या छातीवर लागून घोंगड्यात पडलं. मागं आमची माणसं गोल उभी होती तिथंच उभी राहिली. दादा ढोलाला चिकटून खाली बघत होता.

आणि वहिनी म्हणाल्या, अजून जरा वाका.

आबा वाकले तसा त्यांचा फेटा पुढं सरकून डोळ्यांवर आला. दोन्ही हात घोंगड्यात अडकलेले. तो वर करायला त्यांना हात नव्हता. ते तसेच उभे राहिले. वाकलेले. डोळे झाकलेले. आणि फोटो निघत होते.

मी टोकं सोडली.

नोटा गवतावर पडल्या. मी आबांचा फेटा वर केला. म्हटलं, "न्हाय वाकायचं, आबा. सरळ व्हा."

"अगं, काय करतेस?" वहिनी म्हणाल्या. तेही माईकवर.

माझ्याकडं माईक नव्हता. किती जणांना ऐकू गेलं, ठाऊक नाही. मी म्हटलं, "आमचं घोंगडं कुणापुढं जात न्हाय."

याला कुणी धाडस म्हणू नये. तेव्हा निम्म्या रांगा फिरून झाल्या होत्या.

आमची माणसं जेवली नाहीत. पत्रावळ्या मांडलेल्या होत्या, कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही. टेम्पोत चढताना तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आबा शेवटी चढले. मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"तू व्हय म्हणलीस म्हणून उचललं गं, बाय," ते म्हणाले.

बस. एवढंच.

सोमवारी मी कामाला गेले. हो, गेले. त्या रात्रीच्या जेवणाची पातेली घासायची राहिली होती, ती मी घासली. आमच्या माणसांसाठी रांधलेलं जेवण तळाला करपून बसलं होतं. वहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तू उगाच मनाला लावून घेतलंस, चांगल्या कामासाठीच होतं ना. मी हात न थांबवता "व्हय" म्हटलं. दुसऱ्यांदा.

वरकुट्याला आषाढात बिरोबाचा जागर झाला. आबा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. त्यांचे गुडघे दुखत नाहीत. रोज पहाटे उसाला पाणी द्यायला जातात. घोंगडं त्यांनी धुतलं, वाळवलं आणि कोनाड्यात ठेवलं. वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, थंडीत पांघरायला काढू का विचारलं तर म्हणाले, राहू दे तिथंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही बहुतेक गप्प राहिले असते. माझा स्वभाव तसाच आहे. पण पाऊस संपल्यावर सोसायटीनं बाहेरची भिंत रंगवली. रस्त्याकडची, लांबलचक. मंडळानं चित्रकार आणला. त्यानं भिंतीवर झाडं काढली, पांढऱ्या रेघांची नाचणारी माणसं काढली, आणि मधोमध त्या शनिवारच्या फोटोवरून माझे वडील काढले. माणसाएवढे. वाकलेले. डोळ्यांवर फेटा. पुढं पसरलेलं घोंगडं. मला काढून टाकलंय, माझ्या जागी कोकरू उभं केलंय. खाली मोठ्या अक्षरात 'आपली परंपरा'.

ढोल कुठंच नाही.

पोरंपोरी समोर उभी राहून फोटो काढतात. एक जण घोंगड्यात नाणं टाकल्याचा आव आणतो, दुसरा फोटो काढतो.

मी वहिनींना म्हटलं, निदान हात बदला, हातात ढोलाची काठी द्या. हे मागायलाही मला आठवडा लागला. त्या म्हणाल्या, चित्रकार गेला, वरून पॉलिश झालं, आणि सगळ्यांना आबाच तर आवडतात.

मग परवा दादाचा फोन आला. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, बारामतीत. तपासायला दादा त्यांना एसटीनं घेऊन आला होता. एसटी त्याच रस्त्यानं जाते. आबांना उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतं, पण ते चित्र माणसाएवढं आहे. त्यांना दिसलं. घरी जाऊन म्हणाले, ऑपरेशन नको, मी आता बारामतीला यायचा न्हाय.

दादा मला काही बोलला नाही. फक्त सांगितलं. त्यानं बोल लावला असता तर बरं झालं असतं.

आज सकाळी मी वहिनींच्या दारात उभी राहिले, आत गेले नाही. म्हटलं, उद्या मी त्या चित्रावर चुना मारणार हाय.

त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "वेडी आहेस का? सोसायटीची भिंत आहे ती."

"भिंत तुमची हाय," मी म्हटलं. "बाप माझा हाय."

त्या म्हणाल्या पोलिसांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवा.

चुना भिजत घातला आहे. धुऊन निघू नये म्हणून त्यात डिंक घातला. झाडं तशीच ठेवीन, नाचणारी माणसं ठेवीन. मधलं तेवढं पांढरं करीन. नवरा म्हणतो काम जाईल, त्या सोसायटीतलं सगळंच जाईल. जाईल. माझी मान हलली होती ते चुन्यानं पुसलं जाणार नाही, हेही मला कळतं. आबा ढोलाला हात लावतील की नाही, माहीत नाही. पण एसटी त्या रस्त्यानं जाईल तेव्हा त्यांना तिथं काही दिसणार नाही. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मी बारामतीतच करून घेणार.

अंधारात जाणार नाही. शाळेच्या गाड्या फाटकाशी थांबतात, सगळ्या बाया बाहेर येतात, तेव्हा जाणार. तोंडावर पदर घेणार नाही.