म्होरकीतली माफी

आमच्या घरात माफी हा शब्द चूक झाल्यावर मागायचा नव्हता. माफी म्हणजे सुतळीचा एक तुकडा. वीतभर, जुना, वापरून मऊ पडलेला. जनावराच्या तोंडावरची म्होरकी आणि माणसाच्या हातातलं दावं यांच्या मधे, हनुवटीखालच्या कडीत, आबा ती सुतळी दुहेरी ओवायचे. रोजच्या ओढाताणीला ती टिकायची. पण जनावर खरंच बिथरलं आणि जीव खाऊन मागं ओढायला लागलं, की ती तटकन तुटायची आणि जनावर सुटायचं. "दावं आपल्यासाठी आसतं," आबा म्हणायचे, "माफी त्याच्यासाठी. भ्यालेल्या जितराबाला पळू द्यावं. मागनं आनता येतं."

आबा म्हणजे माझे वडील. पारनेरकडच्या आमच्या गावात त्यांनी जन्मभर घायपाताचे आणि सुताचे दोर वळले. कासरे, दावी, वेसणी, पोळ्याचे गोंडे. मग घरोघरी ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि आबा शेळ्यांची दावी वळत बसले. त्याच सुमारास मी संसार मोडून माहेरी परत आले. आबांनी का आलीस म्हणून एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर, पीळ घालायचाय."

मला मात्र त्या सुताचा कंटाळा होता. मोबाईलवर बघून बघून मी पॅराकॉर्डचं काम शिकले. पॅराशूटला लावतात ती नायलॉनची बारीक दोरी. वाटेल त्या रंगात मिळते, पाण्याने कुजत नाही, कितीही ओढा, तुटत नाही. आधी कुत्र्यांचे पट्टे केले, मग घोड्यांच्या म्होरक्या, लगाम, खोगिराला पाण्याची बाटली अडकवायचे फासे. सुट्टीच्या दिवशी आमच्या माळावर घोडे घेऊन फिरायला पुण्याकडची मंडळी येतात, ती माझा माल घेऊ लागली. आबा त्या दोरीला छत्रीची दोरी म्हणायचे. तिची टोकं लायटरने वितळवून चिकटवतात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"जाळून गाठ बसवती व्हय? उंद्या सोडायची म्हनली तर?"

"सोडायचीच कशाला आबा? एकदा बसली की बसली."

माझी जीभ तेव्हा जरा जास्तच चालायची. आताही चालते, पण ऐकून घेणारं माणूस राहिलं नाही.

तरी आमचा कारखाना बरा चालला होता. मी विणायचे आणि शेवटी आबा माफी घालायचे. दारात बसून, मांडीवर सुतळीचं भेंडोळं घेऊन, एकेक म्होरकी हातात घेत. त्यांची आठवण तेव्हा दगा द्यायला लागली होती. चहा घेऊन झाला तरी चहा मागायचे. हात मात्र काही विसरले नव्हते.

आणि मला त्या माफीची लाज वाटायची, हे लिहायलाच हवं. केशरी-काळ्या झोकदार विणीत ती मळकट सुतळी नव्या लुगड्याला ठिगळ लावल्यासारखी दिसायची. फोटोत तर फारच. म्हणून फोटो काढायच्या आधी मी ती हळूच कापून टाकत असे आणि दावं थेट कडीला जोडत असे. पुण्याच्या घोड्यांच्या दिमतीला चार-चार माणसं असतात, त्यांना कसली माफी, अशी मी माझी समजूत घातली होती. मालाच्या फोटोखाली मोठ्या तोऱ्यात लिहायचे : कधीच तुटणार नाही.

आबांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, एक मेंढपाळ. मी त्यांना मामा म्हणायचे. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन चाऱ्याला बाहेर पडत. त्यांच्या तांबड्या घोडीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असायचं. पालाचं कापड, भांडीकुंडी, कोंबड्यांची पाटी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. निघायच्या आधी घोडीची म्होरकी आबांकडून नवी करून न्यायची, हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज होता. त्या वर्षी मी हौसेने केशरी-काळ्या पॅराकॉर्डची विणली. आबांनी नेहमीसारखी माफी घातली. आणि मी नेहमीसारखी फोटोसाठी कापली.

पुन्हा घालायला विसरले असं लिहिणं सोपं गेलं असतं. विसरले नव्हते. मामा घाईत होते, मेंढरं पुढे निघाली होती, आणि मला वाटलं, असू दे, अशी जास्त छान दिसते. मामा तरी कशाला तपासतील? आबांच्या दारातून नेलेली म्होरकी त्यांनी कधीच तपासून घेतली नव्हती. ते निघताना आबांनी मला विचारलं, "माफी घातली ना गं म्या?"

"घातली, आबा," मी म्हणाले. ते काही खोटं नव्हतं. त्यांनी घातलीच होती.

होळीच्या आसपास मामा एकटेच आले. बेलापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात त्यांनी रस्त्याकडेच्या लिंबाला घोडी बांधली होती. स्पीकर लावलेला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत अगदी जवळून गेला आणि घोडी बिथरली. दोर ओढत झाडाभोवती फिरत राहिली, पाय अडकून पडली आणि आखडलेल्या दाव्याने तिची मान आवळली. मामा शेताच्या पार पलीकडच्या टोकाला मेंढरांपाशी होते. कोयता घेऊन पळत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे सगळं सांगून त्यांनी म्होरकी आबांच्या मांडीवर ठेवली. "हिला काय झालं न्हाई बगा," ते म्हणाले. "जशीच्या तशी नवी हाय." खरंच, एक पेड उसवला नव्हता.

आबांनी हनुवटीखालच्या कडीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. आबांना काय हवंय ते मला कळत होतं, आणि ते तिथे का नाही, हेही त्या घरात फक्त मलाच माहीत होतं.

"ऱ्हायली," आबा म्हणाले. "माज्याकडनंच ऱ्हायली." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने, आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या गिऱ्हाइकापुढे हात जोडले.

"आसू द्या आबा. वय झालं आता तुमचं," मामा म्हणाले.

तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी मामांना विचारलं, साखर कमी चालेल का.

त्या दिवसापासून आबांनी दोरीला हात लावला नाही. भेंडोळं माझ्याकडे देऊन म्हणाले, ठिवून दे, माज्या हाताचा आता भरवसा न्हाई. ते दारातच बसायचे, पण हात मांडीवर नुसते ठेवून. मी दोन-तीनदा तोंड उघडलं. "आबा, ती म्होरकी..." एवढ्यावरच ते हात वर करून मला थांबवायचे आणि मीही लगेच थांबायचे. थांबायला मला फार आग्रह लागायचा नाही. पुढे ते बरंच विसरले. आई जाऊन किती वर्षं झाली ते विसरले, मी माहेरी का असते ते विसरले. घोडी विसरले नाहीत. दारात कोणीही आलं, अगदी गॅसवाला आला तरी त्याला सांगायचे, "माज्या हातनं घोडी गेली एका गरिबाची." मी आत म्होरक्या विणत ते ऐकायचे. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

आता माझ्या प्रत्येक कामात माफी असते. घोडेवाल्यांना ती आवडत नाही, काढून द्या म्हणतात. मी म्हणते, मग दुसरीकडून घ्या. कधीच तुटणार नाही, हे मी आता कुठे लिहीत नाही. पण हे शहाणपण कोणाच्या काय कामाचं?

यंदा दिवाळीनंतर मामा पुन्हा दारात उभे राहिले. बरोबर नवी घोडी, कपाळावर पांढरा टिळा, कान सारखे हलवणारी. आबा गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पाणी दिलं आणि मी त्यांना सांगून टाकलं. आबांनी माफी घातली होती, मी काढली, फोटोसाठी.

मामा बराच वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"आबाला सांगितलंस का हे?"

"नाही."

"मंग मला सांगून काय उपेग, ताई? माजी घोडी गेली ती गेली. पर म्हातारा माज्यापुढं हात जोडून बसला हुता, आन् तू च्या घिऊन हुबी हुतीस."

सांगितलं की हलकं वाटेल, अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. ते बोलले त्यातला एक शब्दही खोडून काढण्यासारखा नव्हता.

"म्होरकी दे," ते म्हणाले. मी आतून एक आणून दिली, केशरी-काळीच. त्यांनी ती दारातल्या खुंटीला अडकवली, दावं मनगटाला गुंडाळलं आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. आबांच्या दारातली वस्तू त्यांनी पहिल्यांदाच तपासून घेतली. सुतळी तटकन तुटली आणि मामा दोन पावलं मागे कोलमडले. घोडीने कान टवकारले.

"तुटली," ते म्हणाले. "आता दुसरी घाल."

मी आबांच्या जागेवर बसून भेंडोळं मांडीवर घेतलं. त्यातली सुतळी आता थोडीच उरली आहे. वीतभर तोडली आणि दुसरी माफी घातली.