रस्त्याकडे तोंड करून

ऐंशी सालाच्या आसपास मी मोटरसायकलवर वर्ध्याहून यवतमाळला जायचो. देवळीच्या पुढच्या टपरीवर हमखास थांबायचो, तिथे भजनं म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी. खंजिरीचं कातडं तो चुलीच्या आचेवर शेकायचा, बोटाने वाजवून बघायचा आणि मगच आवाज लावायचा. भजन संपलं की टपरीवाला त्याच्यापुढे भज्यांची बशी ठेवायचा.

एकदा भजन रंगात आलेलं असताना समोर एसटी थांबली. त्याने गाणं तोडलं, खंजिरी दुपट्ट्याखाली सरकवली. उतरलेले लोक चहा पिऊन गेले, तेव्हा मी कारण विचारलं.

"माह्या गावची गाडी हाये, बाबू. तिथं भजनाले बसलो का लोक पाया पडतात. इथं पोटासाठी गाऊन राह्यलो, हे त्याहिले काऊन दाखवू?"

तो पाणी प्यायला माठाकडे गेला. टपरीवाला हळूच म्हणाला, "समद्याइले ठाऊक हाये. म्हणून तं कोणी इकडं तोंड करून चहा पेत नाई."

खरंच, मघाशी चहा पिताना ते सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे होते. म्हाताऱ्याचं तोंड निरखत कारण विचारणारा मी एकटाच होतो.

तो परत येऊन गाऊ लागला, पण माझी मान काही वर होईना.