सॅक्सोफोन आणि खिडकी

मी जॅझ वाजवतो, सॅक्सोफोनवर आणि बासरीवर. कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी रियाजाला बसायचो. बासरी चालू असली की वडील खुशाल पेपर वाचत बसत. सॅक्सोफोन काढला की मात्र उठून खिडकी लावून घेत. एकदा मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "लोकांना वाटेल, वरात आली." ते मला फार लागलं. पुढे मी गावोगावी वाजवलं, परदेशातही जाऊन आलो. ते एकाही कार्यक्रमाला आले नाहीत आणि मीही कधी आग्रह केला नाही.

ते गेल्यावर समोरच्या इमारतीतले काका भेटायला आले. म्हणाले, "तुमच्या त्या वाद्याचा आम्हाला त्रास व्हायचा. मी तक्रार घेऊन आलो होतो. तुमचे वडील म्हणाले, खिडकी मी लावत जाईन, पण त्याला बंद कर म्हणून सांगणार नाही."

सुतक फिटल्यावर मी सॅक्सोफोन बाहेर काढला. पहिला सूर लावला आणि थांबलो. खिडकी उघडीच होती.